कागदावरचा केवडा

"मावशी, उपास सोडून आलाय न्हवं?" सरूबाईच्या केसांत फणीच्या टोकाने भांग पाडत दवाखान्यातल्या रत्नाने विचारलं. "रिकाम्या पोटी मेंदूची तपासणी बरोबर येत न्हाई."

"चहात बटर बुडवून खाल्लं बाई. इतक्या वर्षांत पयला गुरवार मोडला."

"मोडू द्या," बाकावरून सून हर्षाली म्हणाली. तिच्या मांडीवर पाच महिन्यांची लेक होती. "चुलीवरचं दूध हातावर सांडलं, तरी आत्या आपल्या बघतच बसल्या. मला लई भ्या वाटतं."

तेव्हापासून हर्षाली लेकीला सासूपाशी एकटं ठेवत नसे. सरूबाई काय सांगणार? जप करताना, कधी भाकरी थापताना, एकाएकी केवडा दरवळायचा. त्यांच्या गावात, महाळुंगे पडवळात, कुणाच्या बांधाला केवडा नव्हता. भिंती पाण्यात असल्यासारख्या डुलायच्या. कुणीतरी अगदी जवळ आहे असं वाटायचं. नेमाचं फळ म्हणून तिने ते वीस वर्षं मनात जपलं होतं.

डोक्यावर मलमाने चिकटवलेल्या तारा गार लागत होत्या.

"डोळं मिटा. थांबा म्हणेस्तोवर जोरजोरात श्वास घ्या."

"फुगा फुगवल्यावानी?"

"तसंच."

बाहेर नारायणगावच्या रस्त्यावर जीपवाला 'मंचर, मंचर' ओरडत होता. ते ओरडणं लांब लांब गेलं, आणि केवडा आला.

डोळे उघडले तेव्हा रत्ना लांबलचक कागदाकडे बघत होती.

"तुला वास आला का गं?"

"न्हाई, मावशी. पण हितं उमटलंय."

बारीक लाटांच्या मधोमध शाईचे उंच सुळके उठले होते. सरूबाईने त्यांवरून बोट फिरवलं आणि नकळत हात जोडले. हर्षालीने मान दुसरीकडे वळवली.

"हे झटके गोळ्यांनी थांबतील," कागद पाहून डॉक्टर म्हणाले.

"वास पन?"

"वासही. तीच झटक्याची सुरुवात आहे."

सरूबाईने झोपलेल्या नातीकडे बराच वेळ पाहिलं. "द्या गोळ्या," ती म्हणाली.

दोन महिने गेले. एका सकाळी ती देवापुढे बसली होती. माळ अर्ध्यावर थांबवून तिने वाट पाहिली. खोलीत वातीचा धूर तेवढा होता. तेवढ्यात हर्षाली आली, पोर तिच्या मांडीवर ठेवलं आणि धार काढायला गोठ्यात निघून गेली.

सरूबाईने उरलेले मणी ओढायला घेतले. पोरीला धक्का लागू नये म्हणून अगदी सावकाश, एकेक.