कधी न संपणारी

"अक्षयाला कुणी हात लावू नका. आजचा दिवस मी राहतो तिच्यापाशी." आमचे हे बाथरूममध्ये नळ सोडून फोनवर कुजबुजत होते.

बाहेर आले ते तोंड पुसत, जसे काही त्या गावचेच नाहीत.

"कुणाचा फोन?"

"कामाचा."

मी काही दूधखुळी नाही. आठ दिवस यांना जेवण जात नव्हतं, रात्रभर नुसती कूस बदलत होते. तीस वर्षांत माझं नाव काही इतक्या मायेनं घेतलं नाही!

ते कामाला गेले. संध्याकाळी शेजारच्या मास्तरीणबाई शाळेतून आल्यावर त्यांना मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "अक्षया म्हणजे हो काय?"

"कधी न संपणारी. गोड नाव आहे. कुणाचं?"

"आहे एकीचं," म्हटलं. मनात म्हटलं, आजच संपवते हिला!

यांचा चष्मा टेबलावरच राहिला होता. तेच निमित्त करून तडक वर्कशॉप गाठलं. दारात फोरमन भेटला.

"अक्षया कुठे बसते?"

तो खो खो हसत सुटला. "बसते कसली वहिनी, उभीच असते. ती बघा."

कोपऱ्यात जुनी लेथ मशीन घरघरत होती. हे तिच्यावर वाकून लोखंडी दांडा कातत होते.

"उद्या भंगारात जाणार. याला काही ते पचत नाहीये."

माझा जीव भांड्यात पडला. पण संशय मेला चिवट. "नाव कुणी ठेवलं?"

"यानंच. नवी आली तेव्हा. तुम्ही नाही का बाळंतपणात दवाखान्यात..." फोरमनचं हसू ओसरलं. तो आत निघून गेला.

मी यांच्यासमोर चष्मा धरला. "अक्षया कोण?"

यांनी चष्मा घेतला आणि सदऱ्याला पुसत म्हणाले, "तू शुद्धीवर नव्हतीस. काचेच्या पेटीवर लावायला नर्सनं नाव विचारलं. कधी संपू नये असं वाटलं, म्हणून तेच सांगितलं. दोन दिवस सगळे तिला त्याच नावानं हाक मारायचे."

"आणि मला नाही सांगितलंत?"

"घरी आल्यावर तूच म्हणालीस, बरं झालं नाव नव्हतं, नाहीतर हाक मारावीशी वाटली असती."

मी म्हणाले होते खरी. तीस वर्षं हा माणूस आमच्या लेकीला इथे एकटाच हाका मारत होता.

सुट्टीची घंटा झाली. एकेक मशीन थांबत गेली. यांनी बटणाकडे हात नेला, तो मी धरला.

"अहो, अक्षयाला चालू द्या अजून थोडा वेळ."