लाल ताट

"अगं, कॅप्टन कुठे गेली?" मी ओरडले. पण ऐकतंय कोण! दहा वर्षांत पहिल्यांदाच शाळेने फायनल मारली होती आणि मुलींनी जेवणाचा हॉल डोक्यावर घेतला होता. आताच चौघींनी मिळून कॅप्टनच्या तोंडात केकचा तुकडा कोंबताना मी वाढायच्या खिडकीतून पाहिलं होतं. केक कोणाच्या तरी आईने आणलेला, वरून बदामाचा चुरा. धावत टेबलापाशी पोचले तोवर कॅप्टन गायब.

कॅप्टनला बदाम चालत नाहीत. चालत नाहीत म्हणजे जिवावर बेततात. त्या घोळक्यात हे एकीच्याही लक्षात राहिलं नव्हतं, आणि त्याला जबाबदार मी.

आमच्याकडे अशा मुलांसाठी लाल ताट असतं. वेगळं धुतलेलं, सगळ्यांच्या आधी वाढलेलं. शिशुवर्गातल्या चिमणीला दूध चालत नाही. ती आपलं ताट मिरवत नेते. कॅप्टनही तिच्याएवढी असताना मिरवायची. तेव्हा एकदा चुकून कोणाचं तरी बदामाचं बिस्कीट खाल्लं, तर तिने अख्खी शाळा गोळा केली होती. "मावशी, माझ्या जिभेवर मुंग्या चालतायत!" त्या ओरडण्यानेच ती वाचली. चौदाव्या वर्षी मात्र तीच खालमानेने म्हणाली, "मावशी, पांढऱ्या ताटात द्या ना. सगळे बघतात." मी विरघळले. एका पांढऱ्या ताटाला खालून नेलपॉलिशचा ठिपका लावला आणि दोन वर्षं गुपचूप त्यातच वाढलं. मोठी शहाणी मी!

भिंतीवरच्या पेटीतून ॲलर्जीवरच्या इंजेक्शनची दोन्ही पेनं ओढली आणि सुटले. लहान मूल रडत माणसांत येतं, मोठं लाजून कडी लावून बसतं. मी थेट मुलींचं बाथरूम गाठलं. शेवटच्या दाराखाली खेळाचे बूट दिसले.

"दार उघड!"

"काही नाही मावशी... जरा मळमळतंय." आवाज घोगरा झाला होता.

"उघडतेस की तोडू?"

कडी सरकली. ओठ सुजलेले, मानेवर गांधी उठलेल्या, श्वासाला शिट्टी. तिला भिंतीला टेकवून पाय लांब करायला लावले आणि चड्डीवरूनच मांडीत पेन दाबलं. मागोमाग एक मुलगी आली होती, तिला म्हटलं, "अँब्युलन्स बोलवायला सांग! बदामाची ॲलर्जी म्हणावं. पळ!"

"मला उठू द्या... कप घ्यायचाय."

"खड्ड्यात गेला तो कप! हललीस तर बघ."

पाच मिनिटं झाली तरी शिट्टी थांबेना. दुसरं पेन दुसऱ्या मांडीत. मग हळूहळू तिचा श्वास मोकळा झाला आणि बाहेर सायरन वाजला. मी ढसाढसा रडले, सांगायला लाज कसली!

"मावशी, कोणाला सांगू नका हं," स्ट्रेचरवरून ती पुटपुटली.

"दवंडी पिटणार आहे," मी म्हटलं.

आठवड्याने ती रांगेत उभी राहिली, मागे सगळी टीम. ठिपक्याचं ताट मी केव्हाच भंगारात टाकलं होतं. तरी माझा हात लाल ताटाशी जाऊन अडला.

"मावशी, माझं ताट!" ती हॉलभर ऐकू जाईल अशी ओरडली.

ताट घेऊन ती शिशुवर्गाच्या बुटक्या बाकावर जाऊन बसली. गुडघे हनुवटीला लागत होते. चिमणीने तिच्या ताटाकडे पाहिलं, मग आपल्या ताटाकडे पाहिलं, आणि जरा सरकून तिला जागा करून दिली.