लिंबू-मिरचीचा आळ

मित्रांनो, माझी कहाणी सांगायच्या आधी मला राजकुमारची तक्रार करू द्या. ती पोटात ठेवून बोलायला बसले तर गोष्ट सरळ जायची नाही. राजकुमार म्हणजे माझा मालक, निदान कागदावरचा तरी. घरात चहाला साखर कमी पडली की याचा आवाज गल्लीच्या टोकाला ऐकू जातो. पण काचेच्या केबिनमधल्या माणसानं एकदा 'सर' म्हटलं की याची मान आपोआप हलायला लागते. समोरचा काय म्हणतोय ते कानात शिरायच्या आधीच तोंडातून 'हो हो, बरोबर आहे' निघून जातं. या 'हो हो'पायी त्यानं काय केलं ते ऐका. मग त्याला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा.

मी एक डाळिंबी रंगाची मोटार आहे. मला जुनी म्हणू नका, माझी वॉरंटी अजून संपलेली नाही. वॉरंटी म्हणजे कंपनीनं दिलेला शब्द. ठरलेल्या वर्षांत गाडी आपणहून बिघडली तर आम्ही फुकट नीट करून देऊ, असा तो शब्द असतो. शिक्षण म्हणाल तर माझं बेताचंच आहे. राजकुमारच्या लेकीला, निशाला, सोडायला मी रोज शाळेच्या फाटकापर्यंत जाते, पण आत मला कुणी घेतलं नाही. त्यामुळं माझी भाषा शाळेतली नाही, गोजरबाईंची आहे. गोजरबाई म्हणजे राजकुमारची आई. पुढच्या सीटवर बसून त्या बोलतात आणि मी ऐकते. त्यांच्या जिभेला धार आहे, म्हणून माझ्याही आहे. राग मानू नका.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. लोखंडाचा पत्रा दाबून मला अंग दिलं. यंत्रांच्या हातांनी ठिणग्या उडवत माझे सांधे जोडले. मग रंग चढवला. तिथं माझ्यासारख्या कितीतरी बहिणी एका रांगेत उभ्या होत्या आणि कुणालाच घर नव्हतं. पुढं मला ट्रकवर चढवून छत्रपती संभाजीनगरला आणलं आणि शोरूमच्या काचेआड उभं केलं. येणारा प्रत्येक जण माझं दार उघडायचा आणि धाडकन आपटून आवाज ऐकायचा. टरबूज वाजवून घेतात तसं. मला त्याची लाज वाटायची.

एके दिवशी गोजरबाई आल्या. त्या बिडकीनच्या. त्यांच्या शेतात आता कारखान्याची भिंत उभी आहे आणि राजकुमार त्याच भागात एका कंपनीत कामाला जातो. जमिनीचे पैसे आले तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, "बैलजोडी गेली. दारात काहीतरी उभं पाहिजे." शोरूमच्या लोकांनी त्यांना आधी पांढरी गाडी दाखवली. "पांढरी पुढाऱ्याची असती," त्या म्हणाल्या, "ती डाळिंबी कुणाची हाय?" त्यांनी माझं दार आपटलं नाही. बॉनेटवरून हात फिरवला, नव्या वासराच्या पाठीवरून फिरवतात तसा. त्याच घडीला मी त्यांची झाले.

मला घरी न्यायचा दिवस मात्र शोरूमनंच साजरा केला. त्यांची तशी पद्धतच आहे. अंगावर लाल कापड, बाजूला केक, पुठ्ठ्याची हातभर किल्ली, टाळ्या. एका टाय लावलेल्या पोरानं नारळ फोडला, चाकांखाली लिंबं ठेवली. मग त्यानं ताटातून लिंबू-मिरचीची माळ उचलली. काळी प्लॅस्टिक चढवलेली तार, तिच्यात एक बिबा, एक लिंबू, सात मिरच्या. तो वाकला, माझ्या पुढच्या जाळीतून ती तार आत खुपसली आणि आतल्या कशाला तरी वेढे देऊन पिळून टाकली.

"काढ ते," गोजरबाई म्हणाल्या. "माझ्या गाडीला कुणाची नजर लागत नाय. माझीच लोकाला लागती."

पोरगं हसलं. राजकुमार म्हणाला, "राहू दे ना आई, त्यांची पद्धत आहे. बरोबर आहे, बांधा हो."

मित्रांनो, हे वाक्य ध्यानात ठेवा. राजकुमारनं ठेवलं नाही.

सुरुवातीचे दिवस माझे लई कौतुकात गेले. गल्लीतल्या बाया मला बघायला यायच्या आणि चहा पिऊन जायच्या. गोजरबाई आपल्या जुन्या मऊ लुगड्यानं माझ्या काचा पुसायच्या. मग हळूहळू माझ्या मागच्या सीटवर मेथीच्या जुड्या आल्या, हरभऱ्याची पोती आली. धूळ साचली. पोरांनी त्या धुळीवर बोटानं आपापली नावं लिहिली. दुपारी माझ्या सावलीत कोंबड्या झोपायला लागल्या. राजकुमार म्हणायचा, उद्या धुतो. लिंबू वाळून गळालं, मिरच्या गळाल्या, बिबाही पडला. तार तेवढी माझ्या पोटात राहिली, आणि रस्त्यावरच्या प्रत्येक खड्ड्यात ती आतल्या वायरीला घासत राहिली. मला ते कळत होतं, पण सांगणार कुणाला?

शेजारी कमरोद्दीनभाई राहतात. त्यांचा कूलर बनवायचा धंदा आहे. त्यांची लेक आमरीन रोज संध्याकाळी येऊन गोजरबाईंना गोळ्यांच्या पाकिटावरची नावं वाचून दाखवायची आणि बदल्यात शेंगदाण्याची चटणी घेऊन जायची. तिचं लग्न ठरलं, सासर सोयगावचं. गोजरबाई कमरोद्दीनभाईंच्या दारात उभं राहून म्हणाल्या, "आमरीन माझ्या गाडीतून जाईल. भाड्याची गाडी आणलीत तर माझ्या दारापुढून नेऊ नका."

कमरोद्दीनभाई म्हणाले, "आपा, तुमचा शब्द म्हणजे झालं."

लग्न रविवारी होतं. शुक्रवारी क्रांती चौकात सिग्नलला उभी असताना माझं डोकं तापलं. समोर लाल दिवा लागला, बॉनेटमधून वाफ निघाली. इंजिन गार ठेवणारा पंखा फिरेना. मागच्या रिक्षावाल्यानं हॉर्न वाजवून माझी लाज काढली. शेवटी मला ओढून त्याच शोरूमच्या मागच्या बाजूला, दुरुस्तीच्या शेडमध्ये नेलं. शोरूम आणि शेड यांच्या मध्ये एक मोठी काच आहे. इकडं आम्ही आजारी, तिकडं नव्या नवऱ्या.

शनिवारी राजकुमार आणि गोजरबाई मला न्यायला आले. शिवराज नावाचा तिथला माणूस समोर आला. पांढरा शर्ट, गोड बोलणं. त्याच्या दोन बोटांत ती काळी तार होती, मेलेला उंदीर शेपटीनं धरावा तशी.

"सर, ही बघा. लिंबू-मिरचीची तार. तुम्ही लोक बांधता आणि आत खुपसता. हिनं घासून पंख्याची वायर उघडी पडली, शॉर्ट झालं. बाहेरची वस्तू लावली की वॉरंटी मिळत नाही, सर. वायरचा खर्च होईल, आणि बिघाड शोधला त्याचा तपासणीचा चार्ज. तेवढं भरा, इथं सही करा, तासाभरात गाडी तुमची."

राजकुमारनं तारेकडं बघितलं आणि आईकडं वळला. "काय गं आई हे! असली बांधाबांध करत जाऊ नको म्हणून किती वेळा सांगायचं?"

"मी बांधली?" गोजरबाई म्हणाल्या.

"मग कोण बांधणार? गल्लीतल्या सगळ्या बाया शनिवारी बांधतात."

मला जोरात हॉर्न वाजवावासा वाटला. पण माझी बॅटरी सोडून ठेवली होती. राजकुमारनं पेनचं टोपण काढलंसुद्धा.

"थांब," गोजरबाई म्हणाल्या. "शिवराज बाळा, त्यात काय लिहिलंय ते मोठ्यानं वाच. मी दुसरीतनं घरी बसलेली बाई हाय."

शिवराज वाचू लागला. "ग्राहकाने बाहेरील वस्तू बसवल्यामुळे बिघाड झाला. सदर चूक ग्राहकास मान्य आहे."

"सदर म्हंजे?"

"म्हणजे ही. ही चूक."

"म्हंजे माझी."

"आजी, ती नुसती फॉर्म्यालिटी असते."

"फॉर्म्यालिटीत खोटी मीच ठरले ना? अन् पुढं हा पंखा परत बिघडला तर?"

शिवराज जरा अडखळला. "मग त्या भागाला वॉरंटी राहणार नाही."

राजकुमार आईच्या कानाशी लागला. "आई, उद्या आमरीनची पाठवणी आहे. पैसे असे किती आहेत? भरू, सही करू, सुटू."

त्याचं तेवढं मात्र खरं होतं. गोजरबाईंचा हात माझ्या बॉनेटवर होता. सही केली तर न केलेली चूक पदरात. नाही केली तर कमरोद्दीनच्या दारात दिलेला शब्द खोटा. "पैसे देते," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "सही देणार नाय."

"सहीशिवाय गेटमधून गाडी सुटत नाही, आजी."

गोजरबाई माझ्याशेजारच्या प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसल्या.

तेवढ्यात काचेपलीकडं टाळ्या वाजल्या. नवी गाडी निघत होती. लाल कापड, केक, पुठ्ठ्याची किल्ली, आणि तोच टाय लावलेला पोरगा. त्यानं नारळ फोडला. चाकांखाली लिंबं ठेवली. मग ताटाकडं हात नेला.

गोजरबाई उठल्या. पदर खोचला, काचेचं दार ढकललं आणि उघडंच ठेवून आत गेल्या, म्हणून पुढचं सगळं मला ऐकू आलं.

नवी गाडी घेणारे एक तरुण नवरा-बायको होते. गोजरबाई त्या पोरीला म्हणाल्या, "ताई, गाडी झ्याक हाय. सुखात फिरा. फकस्त हे बांधू देऊ नका."

"आजी, आमच्याकडून फ्री आहे ते," टायवाला म्हणाला.

"व्हय, बांधायचं फ्री. सोडायचे पैसे घेतात."

नवरा केकचा घास हातात धरून थांबला. "म्हणजे?"

"सांगते. शिवराज बाळा, ती तार घेऊन ये इकडं."

शिवराज आला. सगळे बघत होते, न येऊन काय करतो? ताटात लिंबू-मिरचीच्या आणखी चार-पाच माळा होत्या, दिवसभरच्या गाड्यांसाठी तयार करून ठेवलेल्या. सगळ्यांना तीच काळी प्लॅस्टिक चढवलेली तार आणि टोकाला तोच पीळ.

"ठेव त्या ताटात," गोजरबाई म्हणाल्या. त्यानं ठेवली. "आता सांग, यातली मी बांधलेली कंची?"

टायवाल्यानं हातातली माळ हळूच पाठीमागं नेली. केबिनमधून मॅनेजर धावत आले. "मॅडम, या ना, आत बसून बोलू."

"आत कशाला? बांधली तेव्हा इथंच बांधली होती, टाळ्या वाजवून. मी 'काढ' म्हणले होते. विचारा या तुमच्या पोराला."

पोरगं मान खाली घालून म्हणालं, "सर, आजी म्हणाल्या होत्या. मला आठवतं."

मॅनेजरनी तो कागद फाडला. वायर वॉरंटीत बदलायला सांगितली, तपासणीचा चार्ज रद्द केला आणि चहा मागवला. गोजरबाई चहाला शिवल्या नाहीत. "नवा कागद कर," त्या शिवराजला म्हणाल्या. "लिही, सदर चूक शोरूमची. सदर इसरू नको."

नवी गाडी माळ न बांधताच गेली. जाताना त्या पोरीनं गोजरबाईंच्या पायाला हात लावला.

माझी वायर बदलली आणि पंखा फिरायला लागला. राजकुमारनं आईसाठी पुढचं दार उघडलं. त्या मागं जाऊन बसल्या. बिडकीनपर्यंत एक शब्द बोलल्या नाहीत.

रविवारी सकाळी त्यांनी स्वतः मला धुतलं. कमरोद्दीनभाईंनी माझ्यावर गुलाबाच्या माळा सोडल्या. जेवणं झाल्यावर आमरीन मागच्या सीटवर बसली आणि तिनं गोजरबाईंचा पदर सोडलाच नाही. "तुम बी चलो ना, नानी." मग त्या सोयगावपर्यंत तिच्याशेजारी बसून आल्या. घाटात माझा पंखा न कुरकुरता फिरत होता. आमरीन रडत होती आणि मध्येच सांगत होती, "नानी, गुलाबी गोली रात को, भूलना नहीं." मित्रांनो, गाडीच्या जन्माला येऊन एवढं ओझं वाहायला मिळालं, आणखी काय पाहिजे?

माझं तुमच्याकडं मागणं फार नाही. तुमच्या दारातल्या गाडीची, सायकलची धूळ पुसत जा. तिच्या पोटात काय घासतंय ते कधीतरी वाकून बघा. आणि परक्यानं तुमच्या माणसाकडं बोट दाखवलं, तर आधी त्या माणसाच्या तोंडाकडं बघा.

परतताना सिल्लोडच्या अलीकडं आम्ही चहाला थांबलो. उन्हं उतरली होती. राजकुमार माझ्या बॉनेटला टेकून हसत म्हणाला, "आई, काल भारी केलंस हां. शिवराजचं तोंड बघण्यासारखं झालतं."

गोजरबाईंनी चहा संपवला, कप माझ्या टपावर ठेवला आणि कालपासून पहिल्यांदा त्याच्याशी बोलल्या.

"शिवराजचं सोड. तो परका, त्याचं मिटलं. तू तर माझ्या शेजारी उभा होतास. मी 'काढ' म्हणले अन् तूच 'राहू दे' म्हणलास. तरी काल मला एवढं बी इचारलं नाय, की आई, खरंच तू बांधलीस का? त्यानं निदान गाडी तपासून आळ घेतला, राजकुमार. तू न तपासताच घेतलास."