दारापाशी तीन मिनिटं

अंथरुणाला खिळलेल्यांकडे रोज सकाळी तासभर मदतनीस पाठवायची, तिने अंघोळ घालायची, दोन घास भरवायचे, अशी ती सरकारी योजना. यादीत खोटी नावं घुसली म्हणून योजनेच्या प्रमुख मॅडमनी पडताळणीचा नियम केला. तपासनीसाने न कळवता जायचं, बेल वाजवायची, तीन मिनिटं थांबायचं. दोन खेपांना दार उघडलं नाही तर नाव कट. वर्षात यादी निम्मी झाली! कचेरीत त्यांना 'चाळणीबाई' म्हणू लागले, आणि त्यांनाही ते गोड वाटायचं, खोटं कशाला बोला.

अहवालात एखादी खरी भेट असावी, म्हणून त्या एका दुपारी तपासनीसाबरोबर निघाल्या. चौथा मजला, लिफ्ट बंद.

"इथे एक आजी एकट्या असतात," तपासनीस बेल दाबत म्हणाला. "गेल्या खेपेला दार उघडलं नाही. आज दुसरी खेप." त्याच्या फोनवर सेकंद उलटे पळू लागले.

"मदतनीस?"

"ती सकाळीच येऊन जाते. किल्ली तिच्याकडे."

"मग दार उघडणार कोण?"

"आजीच की."

"अहो, पण त्या खिळलेल्या आहेत ना!"

"हो ना." तपासनीस चपलांकडे बघत राहिला. "आणि उघडलंच, तर 'चालता येतं' असं लिहायचं. मग नाव आजच जातं. नियमाच्या दुसऱ्या पानावर आहे, मॅडम."

ते पान मॅडमनीच लिहिलं होतं, आणि तेव्हा हा विचार मनाला शिवलाही नव्हता.

"बंद करा ते घड्याळ आधी!"

"मध्ये बंद होत नाही. आम्ही लबाडी करू नये म्हणून तुम्हीच तसं करून घेतलंत."

आत काहीतरी धपकन पडलं. मग फरशीवरून काहीतरी सरपटू लागलं. थांबलं. पुन्हा सरपटलं.

"आजी, उघडू नका!" मॅडम दारावर हात आपटत ओरडल्या. "आहात तिथेच राहा!"

"आले हो, आले!" आतल्या आवाजाला धाप लागली होती, पण केवढा खुशीत होता तो. "गेल्या खेपेला मी अर्ध्यात होते आणि तुम्ही निघून गेलात. आज नाही हं जायचं!"

दाराचा खटका वाजला. चाळीस सेकंद उरले होते. दार वीतभर उघडलं आणि अगदी जमिनीलगत आजींचा घामेजलेला, हसरा चेहरा दिसला.

"बघा, आहे की नाही मी घरी? घ्या लिहून."

"घेतलं, आजी," तपासनीस म्हणाला आणि मॅडमकडे न बघता त्याने फोनवरच्या 'चालता येतं'वर बोट टेकवलं.