मागे पडलेलं जहाज

ओटो क्रोगरच्या पत्राला मी आठ वर्षं उत्तर दिलं नाही. पत्र दोनच ओळींचं होतं: "डॉक्टरसाहेब, भावाच्या जहाजाचं नाव कळवा. माझ्या वहीत नावं आहेत, तारखांसकट."

ट्यूबिंगेनच्या ग्रंथालयात मी संस्कृत पोथ्यांची सूची करायचो आणि तो तळघरात पुस्तकं बांधायचा. मला माणसांशी बोलायला जमत नाही, त्याच्याशी जमायचं. युद्धात तो पाणबुडीवर बिनतारी यंत्र सांभाळत असे. एका दुपारी, पुस्तकाच्या पाठीला सरस लावता लावता तो म्हणाला, "शत्रूचा ताफा सगळ्यात हळू जहाजाच्या चालीनं चालायचा. पण इंजिन बिघडून एखादं मागे पडलं, की त्याच्यासाठी कोणी थांबायचं नाही. आम्ही त्याचीच वाट बघायचो. बुडताना ते मदतीसाठी आपलं नाव पाठवायचं. मी लिहून घ्यायचो."

"माझा भाऊ असाच मागे पडला," माझ्या तोंडून गेलं. "बेचाळीस साली. अटलांटिकमध्ये."

त्याचा ब्रश थांबला. महिन्याभरात नोकरी सोडून कीलला बहिणीकडे गेला, आणि तिथून हे पत्र आलं.

उत्तराचे मसुदे मी कितीदा केले आणि फाडले. जहाज ताफ्यामागे राहिलं आणि श्रीरंगदादा 'बेपत्ता', एवढंच जहाजकंपनीनं कळवलं होतं. तो गेला असं घरात कुणी म्हटलं नाही, त्यामुळे श्राद्धही नाही. पुण्यात मालिनीवहिनी कुंकू लावत होत्या. एक नाव लिहून ते कुंकू पुसणारा मी कोण? की हा नुसता माझा भित्रेपणा? मला अजून ठरवता आलेलं नाही.

गेल्या रविवारी चुलतभावाचा मुलगा भास्कर आला. स्टुटगार्टला शिकतो, सुटीत पुण्याला जाऊन आला होता.

"काका, हा गोडा मसाला, मालिनीकाकूंनी दिलाय. म्हणजे, अर्धा मी संपवलाय, रागावू नका." मग म्हणाला, "निरोपपण आहे. म्हणाल्या, 'भाऊजींना सांग, जर्मन लोक सगळं लिहून ठेवतात म्हणे. यांची तिथी विचारा. चोवीस वर्षं रोज मूठभर तांदूळ जास्त धुतेय. आता एकदा, त्यांच्या तिथीला, नीट वाढायचंय.'"

"आणि कुंकू?"

भास्कर हसला. "तुम्ही हे विचाराल म्हणाल्या. 'त्यांना म्हणावं, ते माझं मी बघीन.'"

सोमवारी मी ग्रंथालयातून शके १८६४चं, म्हणजे बेचाळीस सालचं पंचांग घरी आणलं आणि टेबलावर उघडून ठेवलं. मग पत्र लिहिलं. जहाजाचं नाव: 'कॅसलबरी'. खाली एवढंच, की तारखेबरोबर वेळही कळवा; आमच्याकडे त्यानं फरक पडतो. क्रोगर जिवंत आहे की नाही, तेही मला ठाऊक नव्हतं.

कोपऱ्यावरच्या पिवळ्या टपालपेटीपाशी पत्ता दोनदा वाचला. मग बोटं सैल केली. पाकीट तळाशी पडल्याचा आवाज येईपर्यंत मी कान देऊन उभा राहिलो.