आईबाप नसलेली मालिका

माझा पडद्यांचा धंदा आहे. सिनेमाच्या नव्हे, खिडकीच्या. नवरा गेल्यापासून दुकान मी एकटीनं चालवलंय आणि चांगलं चालवलंय. त्यामुळे माझ्या मताला किंमत आहे असं मला वाटतं, आणि ते मत कुणी विचारायची मी वाट बघत नाही.

आमचे चिरंजीव येत्या रविवारी घर सोडून चालले होते. त्यानं आणि त्याच्या मित्रानं मिळून दोन खोल्यांची जागा भाड्यानं घेतली होती. "ऑफिसला जवळ पडतं," एवढंच मला सांगण्यात आलं होतं. हा मित्र म्हणजे लंबू. नाव मीच ठेवलं, कारण स्वयंपाकघराच्या दारातून तो नेहमी मान वाकवून येतो. लंबू निव्वळ मित्र नाही हे मला केव्हाच कळलं होतं. आईला डोळे असतात. पण चिरंजीव मूग गिळून बसले होते. मीही हटून बसले होते की हे त्यानं स्वतःच्या तोंडानं सांगायचं, आणि उंबरठा ओलांडायच्या आधी सांगायचं. न सांगता गेला असता तर जन्मभर सुट्टीच्या दिवशी येऊन हवापाण्याच्या गप्पा मारून परत गेला असता. त्याची मला खरीच भीती वाटत होती.

तेव्हा त्याच आठवड्यात एका दुपारी दोघं बाहेरच्या खोलीत कोरियन मालिका लावून बसले, तशी मीही चहाचा कप घेऊन बरोबर मधे जाऊन बसले.

"आई, तुला नाही आवडणार," चिरंजीव म्हणाले.

"दोन मुलांच्या प्रेमाची आहे काकू," लंबू घाईघाईनं म्हणाला आणि त्यानं लगेच जीभ चावली.

"मग काय झालं? लाव."

मालिका आठ भागांची. एकेक भाग इतका छोटा की चहा संपायच्या आत संपतो. एक जण कॉफीच्या दुकानात कामाला, दुसरा रोज तिथे येणारा, कुठल्याशा कंपनीतला. पहिले दोन भाग मी असंच समजत होते की दोघं एकाच घरात राहतात. मग दुकानात जाऊन एकमेकांकडे चोरून काय बघतात, हेच मला कळेना.

"अगं, वेगवेगळी घरं आहेत त्यांची."

"दोन्हीकडे पडदा तोच आहे. राखाडी पट्ट्यांचा, डावीकडची शिवण उसवलेली."

त्यांनी मागे नेऊन बघितलं. पडदा तोच होता. कंपनीच्या ऑफिसातही तोच होता. लंबू इतका हसला की त्याचा चहा सांडला.

मग मी सुटलेच. कॉफीच्या दुकानात दुसरं गिऱ्हाईक नाही, तर दुकान चालतं कसं? ऑफिसात टेबलं दोन आणि माणूस एक. थांब्यावर दोघं बसची वाट बघतात, पण बस काही येत नाही. बसचे पैसे नसणार. हसताना जी पियानोची धून, तीच रडताना. सातव्या भागात भांडण झालं आणि आठव्याच्या सुरुवातीला पाटी आली, 'एक वर्षानंतर'. वर्ष लोटलं तरी केस तेवढेच आणि कोटही तोच. भांडण मिटवायचं कसं हे लिहिणाऱ्याला सुचलं नाही, म्हणून त्यानं वेळ मारून नेली.

"पण काकू, त्या थांब्यावरचं बघा ना," लंबू म्हणाला. "बस यावी असं त्यांना वाटतच नाहीये."

ते मात्र खरं होतं. पैसेच नाहीत म्हटल्यावर कॅमेरा जाणार तरी कुठे? चेहऱ्यावर टिकून राहायचा. पोरं नवखी होती, पण खोटं वागत नव्हती. थांब्यावर एकानं आपला एक हातमोजा काढून दुसऱ्याला दिला, आणि दोघांनी आपापला उघडा हात आपापल्या खिशात घातला. तेवढ्यावर तो भाग संपला. मोठ्या मालिकेत तिथे पाऊस पाडला असता, गाणं घातलं असतं. मला त्या दोन खिशांनी गलबलून आलं, आणि ते मी बोलूनही दाखवलं.

शेवटचा भाग संपला, तेव्हा मी मनातला प्रश्न बाहेर काढला.

"सगळं ठीक. पण या पोरांना आईबाप नाहीत का? आठ भागांत एक फोन नाही. तो तापानं पडला तरी कुणी फिरकलं नाही."

"परवडले नसतील," चिरंजीव म्हणाले. "आई म्हणजे आणखी एक नटी."

"एका खुर्चीत बसवायची. कितीसे घेईल?"

"तसं नाही गं." त्यानं रिमोट खाली ठेवला. "आई आणली की तिला रडवावं लागतं. मग समजावणं, दारं आपटणं. त्यातच चार भाग जातात. त्यापेक्षा नसलेली बरी."

"मला तर म्हणूनच बघवते ही," लंबू हळूच म्हणाला. "घरी सांगितल्यापासून मला तिकडून कुणाचा फोन येत नाही. या मालिकेत कुणालाच येत नाही, मग बरं वाटतं."

घरी काय सांगितलं, ते तो बोलला नाही. मीही विचारलं नाही. मला ते 'नसलेली बरी' लागलं होतं, चांगलंच लागलं होतं.

"म्हणजे रविवारी मलाही असंच वगळून चाललास का?" मी चिरंजीवांना विचारलं.

त्याचा चेहरा पडला. त्यानं एकदा लंबूकडे बघितलं.

"आई, आम्ही नुसते मित्र म्हणून राहायला जात नाही आहोत. माझं याच्यावर प्रेम आहे."

या वेळेसाठी मी एक भारदस्त वाक्य केव्हापासून तयार ठेवलं होतं. ते कुठे गेलं कोण जाणे. आपल्याला माहीत असणं वेगळं आणि पोटच्या पोरानं समोर बसून सांगणं वेगळं. मला आनंद झाला होता, आणि त्याहून मोठा राग आला होता.

"कधीपासून?"

"दोन वर्षं झाली."

"दोन वर्षं!" मी उठून उभीच राहिले. "दोन वर्षं हा पोरगा या घरात खुर्चीच्या कडेवर पाहुण्यासारखा बसतोय. स्वतःचा कप स्वतः विसळून ठेवतोय. घरचे याच्याशी बोलत नाहीत, मागे इतका आजारी होता तेव्हा खोलीवर एकटा पडून होता, आणि तू मला एका शब्दानं सांगत नाहीस? मी काय मेले होते?"

रडायला लागला तो लंबू. एवढा थोरला पोरगा, तोंड हातांत लपवून गदगदून रडला. मी त्याच्या शेजारी बसले आणि त्याची पाठ चोळत राहिले.

"सॉरी काकू," तो हुंदक्यातच म्हणाला. "माझ्या बाजूनं कुणी इतकं ओरडलं नव्हतं."

"मग आता सवय करून घे," मी म्हणाले, आणि तेव्हा कुठे मलाही रडू आलं.