दोन वाट्या साबुदाणा

संध्याकाळी सुलभाने साबुदाणा धुऊन पातेल्यात झाकून ठेवला, तेव्हा मी आमच्या कॅम्पर व्हॅनच्या मागच्या बाकावर वाचत बसलो होतो. दुसऱ्या दिवशी आषाढी एकादशी होती. इथे दक्षिण गोलार्धात आषाढी येते ती भर थंडीत. ट्वायझलच्या कॅम्पग्राउंडवरचं गवत उन्हं उतरायच्या आतच पांढरं पडू लागलं होतं.

"दोन वाट्या?" मी विचारलं. आम्हा दोघांना एक पुरते.

"राहिला तर दुपारी खाऊ. वाचा तुम्ही."

मी वाचू लागलो. प्रश्न पुढे रेटायचा माझा स्वभाव नाही.

मी रिटायर झाल्यापासून दर हिवाळ्यात आम्ही जॉन्सनव्हिलहून व्हॅन घेऊन, फेरीबोटीने साउथ आयलंडवर येतो. पण नेहमी माझा मित्र रवींद्र आणि त्याची बायको विनया यांच्या व्हॅनमागून. रवींद्र वळला की मी वळायचं, तो थांबला की थांबायचं. यंदा त्याचा गुडघा दुखत होता, म्हणून ते येणार नव्हते. मी बेत रद्दच करत होतो. सुलभाच म्हणाली, "दोघंच जाऊ की. तुम्ही चालवाल व्यवस्थित."

माझ्याबद्दल असं कुणी फारसं म्हणत नाही. मी स्वतः तर नाहीच. त्या एका वाक्यावर मी महिनाभर ड्राइव्हवेत बसून चाकांना बर्फात न घसरण्यासाठीच्या साखळ्या चढवायचा सराव केला. पुढच्या वर्षी पंच्याहत्तर पूर्ण होतील, मग लायसन्ससाठी डॉक्टरचा दाखला लागेल. त्याआधी लिंडिसचा घाट एकदा तरी कुणाच्या मागून न जाता ओलांडावा, एवढंच मनात होतं.

सकाळी खिचडी परतून होते न होते तोच दार वाजलं.

"किया ओरा, मध्या!" कानटोपी घातलेला रवींद्र आत डोकावला. मागे विनया. "काय योगायोग बघ! गुडघा एकदम स्वीट ऍज, ठणठणीत. म्हटलं, मारावी एक चक्कर."

"अगं बाई, तुम्ही इथे कसे?" सुलभा जरा जास्तच मोठ्याने म्हणाली. "या, खिचडी तयारच आहे."

"एकादशी नि दुप्पट खाशी!" रवींद्रने बशी पुढे केली.

विनयाने घास घेतला. "बरं केलंस कोथिंबीर नाही घातलीस. मला उपासाला चालत नाही."

आम्हाला चालते. कोथिंबिरीची जुडी फ्रिजमध्ये होती. मी हातातल्या बशीकडे पाहिलं. साबुदाणा आदल्या दिवशी भिजवावा लागतो. योगायोगासाठी कुणी साबुदाणा भिजवून ठेवत नाही.

"वर बर्फ आहे रे," रवींद्र म्हणाला. "तुझी व्हॅन मी घेतो. आमची विनया आणेल."

विनयाने मान डोलावली. सगळं ठरलेलं होतं.

ते दोघे आवरायला गेल्यावर मी सुलभाला विचारलं, "कधीपासून आहेत ते मागे?"

तिने बशा विसळायच्या थांबवल्या नाहीत. "पिक्टनपासून, फेरीबोटीतून उतरलो तेव्हापासून. क्षितिज ऐकेना. म्हणाला, बाबांना एकट्याने चालवू देऊ नकोस. तुम्ही मे महिन्यात शेजाऱ्यांचा लेटरबॉक्स पाडलात, तेव्हापासून घोकतोय पोरगा."

"त्याचं सोड. तू म्हणालीस, व्यवस्थित चालवाल."

"मी तसं नसते म्हणाले तर तुम्ही निघाला असतात का घरातून? हिरमुसून पुस्तकात तोंड घालून बसला असतात."

तेही खरंच असेल. मी व्हॅनची किल्ली खिशात टाकली आणि म्हणालो, "तू रवींद्रच्या व्हॅनमध्ये बस. मी माझी आणतो."

वाटलं होतं, नाही म्हणेल. तिने शाल आणि हातमोजे घेतले. "हळू चालवा," म्हणाली आणि गेली.

घाटाच्या पायथ्याशी साखळ्या लावायचा बोर्ड होता. मी उतरलो. बोटं बधिर झाली होती, पण साखळ्या बसल्या. पुढे रवींद्र चाकाशी झटत होता. "मध्या, बघ ना रे जरा. हे लेकाचं अडकतंच नाहीये."

त्या व्हॅनमध्ये सुलभा होती. मी गुडघे टेकून दोन्ही चाकं बांधली, पुन्हा एकदा ओढून पाहिली.

सुलभाने काच खाली केली. "तुम्हाला येतं हे?"

"महिनाभर तुझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीसमोरच करत होतो."

तिने माझ्या ओल्या गुडघ्यांकडे पाहिलं. मग म्हणाली, "येऊ का तिकडे?"

"राहू दे," मी म्हणालो.

मी त्यांच्या पुढे निघालो. वर जाईपर्यंत आरशात पाहायचं टाळलं. माथ्यावर मी व्हॅन थांबवली. पुढे एकही गाडी नव्हती, सगळ्या डोंगरांवर बर्फ होतं. मला भूक लागली होती. मागे जाऊन मी पातेल्याचं झाकण उघडलं. खिचडीचा एक दाणाही उरला नव्हता. तिने बरोबर चौघांपुरतीच केली होती.